गाडीला हवा पाजणारे फिटरचाचा

गाडी बिघडलेल्या माणसाला फिटरचाचांनी "काय झालं?" असं कधी विचारलं नाही. ते विचारायचे, "कुठली हवा पाजतोस तिला?" रोह्याच्या एसटी स्टँडमागे त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं, आणि या प्रश्नाने नवखा ड्रायव्हर हमखास गोंधळायचा. मीही गोंधळले. मी तेव्हा रोह्यात दवाखाना थाटलेली नवीन डॉक्टर, आणि माझी मोटार दोन मालक होऊन माझ्याकडे आलेली.

थंडीच्या सकाळी ती गचके द्यायची. चाचांनी बॉनेट उघडून एअर फिल्टरची सोंड दाखवली. एकीकडे फिरवली की इंजिनाच्या तापलेल्या नळीजवळची ऊन हवा आत जाते, दुसरीकडे फिरवली की समोरची गार. मी ऐटीत गाडीचं इंग्रजी पुस्तक काढलं. त्यात लिहिलं होतं, हिवाळा संपेपर्यंत ऊन हवेवरच ठेवा.

चाचा हसले. "बाय, ही किताब बरफाच्या मुलखातली हाय. आपली थंडी नागोठण्यापर्यंत. इंजिन तापलं का ऊन हवेनं तिचा दम जातो. वर भाताच्या झोडणीचा कोंडा रस्त्यावर उडतो, तो ऊन हवेच्या खालच्या तोंडातून आत जातो. नागोठण्याला थांबायचं, सोंड फिरवायची, मंग पुढं."

पेणच्या वाटेवर दर वेळी मधेच थांबायचा मला कंटाळा. मी पुस्तकाप्रमाणेच गाडी चालवत राहिले. डॉक्टर असल्याचा माज, दुसरं काय!

पौषातल्या एका पहाटे माझ्या दवाखान्यात सुलोचना बाळंत झाली. बाळ सुखरूप, पण तिचं रक्त थांबेना. तिला पेणला सर्जनकडे नेणं भाग होतं, आणि गाडी सुरूच होईना. तिचा नवरा धावत जाऊन चाचांना घेऊन आला. त्यांनी गाडी सुरू केली आणि न सांगता माझ्या शेजारी बसले.

नागोठणं मागे पडलं. मी थांबले नाही, आणि मागची बाई बघून चाचांनीही थांबायला सांगितलं नाही. कासू गावाच्या अलीकडे मात्र गाडी ओढेना. पाय दाबून धरला तरी नुसती खडखड. मागे सुलोचनाचं डोकं मांडीवर घेतलेली तिची सासू ओरडत होती, "थांबू नको गो, बाय, थांबू नको!"

"थांबव," चाचा म्हणाले.

"चाचा, ती जाईल!"

"म्हनून तर थांबव."

मी ब्रेक दाबला. मला त्या माणसाचा भयंकर राग आला होता. बॉनेट उघडलं, काहीतरी करकरलं, बॉनेट बंद झालं. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नसेल. मग गाडी अशी सुटली की वडखळचा नाका कधी मागे पडला ते कळलं नाही. मी शेजारी बसलेल्या त्या किडकिडीत माणसाकडे बघायलाही धजले नाही.

पेणला सुलोचनाला रक्त चढवलं आणि ती वाचली. सगळे माझं कौतुक करत होते. बाहेर येऊन पाहते तर चाचा नळाखाली उजवा हात धरून उभे. तळव्याची आणि बोटांची कातडी सोलून निघाली होती. तापलेल्या नळीला चिकटलेली ती सोंड त्यांनी उघड्या हाताने फिरवली होती.

"फडकं का नाही घेतलंत?"

"सीटखाली होतं. काढत बसलो असतो तर?"

मी मलमपट्टी केली. महिन्याभराने त्यांनी हात पुढे केला. "झकास हाय बघ." मी वरवर पाहिलं आणि मान डोलावली.

पुढे बारा वर्षं चाचांनी माझी गाडी सांभाळली. मीही नागोठण्याला थांबत राहिले. चाचा गेले तेव्हा मी त्यांच्या घरी गेले. चाचींनी मला आत बसवलं. मग म्हणाल्या, "त्या हाताची दोन बोटं मेलेलीच होती गो. गरम-गार काय कळायचं नाय. स्क्रू बघून बघून धरायचे."

"मला कधी बोलले नाहीत!"

"नाय बोलायचे. म्हनायचे, थांबण्यापायी माझा हात गेला हे तिला कळलं तर पुढच्या वेळी कुनी थांब म्हनलं, तर ती थांबायची नाय."

बारा वर्षं मी त्याच हातातून गाडीची चावी घेत होते. मी डॉक्टर, आणि मला कळलं नाही.