खिशातली आयोडीनची बाटली

इतर मास्तरांच्या खिशाला पेन असतं. सरांच्या खिशात आयोडीनची छोटी बाटली असायची, ड्रॉपरचं बूच लावलेली. खिशाखाली कायम तपकिरी डाग. कुणी काही ठासून सांगायला लागलं की ती बाटली त्याच्यासमोर धरून ते म्हणायचे, "थेंब टाक, मंग बोल."

सिंदीच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात आम्ही दोघं जीवशास्त्र शिकवायचो. 'अ' तुकडी माझी, 'ब' त्यांची. सरळच सांगते, मला त्या माणसाचा हेवा वाटायचा. तुमच्याही कामाच्या जागी असा एखादा असेल, ज्याच्या टेबलाभोवती विनाकारण गर्दी जमते. तुम्हीही त्याच्याकडे बघून हसला असाल आणि आतून जळला असाल.

माझ्यात काय कमी होतं? मी रंगीत खडूंनी फळ्यावर पेशी काढली की पोरं मोबाईलवर फोटो घ्यायची. केंद्रक जांभळं, तंतुकणिका केशरी, हरितलवकं हिरवी. सरांची पेशी म्हणजे चेंगरलेला बटाटा. ते आपल्या तुकडीला बेधडक सांगायचे, "चित्र मॅडमच्या फळ्यावरून काढून घेजा. मले नाई जमत." पोरं यायची, चित्र उतरवायची आणि परत त्यांच्याकडे पळायची. एकही थांबायचं नाही.

तिकडे डब्यांची तपासणी चाललेली असायची. पोळीवर थेंब पडला की निळाकाळा डाग, म्हणजे स्टार्च. उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यावर काहीच नाही. "ते प्रोटीन आहे, त्याले दुसरं औषध लागते." एकदा पोरांनी चौकातल्या हलवायाच्या खव्यावर थेंब टाकला. खवा निळा झाला आणि हलवाई लाल. तो भांडायला कॉलेजात आला, तर सरांनी त्याच्याच हातात बाटली दिली. "खवा आला का आधी थेंब टाकजो, मंगच पैसे देजो." हलवाई पेढे ठेवून गेला. माझ्याकडे कधी कुणी भांडायलासुद्धा आलं नाही.

मग माझी लेक तनू अकरावीत आली आणि 'ब' तुकडीत जाऊन बसली. "घरी बी तूच, वर्गात बी तूच काऊन?" म्हणाली. ठीक आहे म्हटलं. पण रोज जेवताना सुरू व्हायचं. सर म्हणतात केस, नखं, सगळं प्रोटीनच. सर म्हणतात जवसाचं तेल आणि पेशीचं पटल एकाच खानदानातलं, दोन्ही स्निग्ध. हेच मी त्याच आठवड्यात 'अ' तुकडीला शिकवलेलं असायचं. वर नवरा मान डोलवायचा, "माणूस हुशार आहे हो." मला तो असं कधी म्हणाला नव्हता.

एक दिवस ती धावतच घरी आली. सरांनी कालव्यातल्या हायड्रिलाचं पान सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं होतं. पेशीच्या कडेकडेनं हिरवे कण फिरत होते म्हणे. "आई, तुझी पेशी लय सुंदर राह्यते. पण ते हालत नाई." तिला टोचायचं नव्हतं, म्हणूनच मला जास्त टोचलं.

तिच्या वाढदिवसाला मी सगळ्या स्टाफला जेवायला बोलावलं. सरांनाही बोलवावं लागलं. माझी बासुंदी स्टाफमध्ये नावाजलेली. सरांनी कौतुकानं विचारलं, "किती आटवली, मॅडम?"

"नुसतं दूध आहे," मी म्हणाले. "तासभर ढवळलं."

तनूनं हसत सरांच्या खिशातली बाटली काढली. "थेंब टाक, मंग बोल!" आणि माझ्याच वाटीत थेंब पडला. बासुंदी निळीकाळी झाली. माझा कॉर्नफ्लोअर सगळ्यांपुढे उघडा पडला. सगळे हसले. तनू तर सरांकडे शाबासकीसाठी बघत होती.

सर हसले नाहीत. "स्टार्चबी खायचीच वस्तू आहे, पोरी," ते म्हणाले आणि रिकामी वाटी माझ्यापुढे केली. "मॅडम, अजून द्या." तीन वाट्या खाल्ल्या. त्यांना शुगर होती, हे मला नंतर कळलं. त्यांनी माझी बाजू सावरली, याचाही मला राग आला.

मागच्या वर्षी सर अचानक गेले. बोरगाव मेघेच्या त्यांच्या घरी बुद्धांच्या मूर्तीशेजारी त्यांचा फोटो होता, पुढे मेणबत्ती. होस्टेलला जाताना जिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं, ती माझी तनू तिथे हुंदके देत रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि मनात एकच, माझ्यासाठी ही एवढी रडेल का? सरांच्या पत्नीनं ती बाटली आणून तिच्या हातात दिली. "तू ठेव, पोरी." इतकी वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर मी बसले होते. मला कुणी विचारलं नाही.

परवा तनू सुटीवर आली. तिनं स्वतः बासुंदी केली, गार केली, वाटी माझ्यापुढे ठेवली आणि शेजारी ती बाटली.

"थेंब टाक, मंग बोल."

मी टाकला. बासुंदी निळीकाळी झाली.

"तुह्यासारखीच केली," ती म्हणाली. "नुसत्या दुधाची मले आवडतच नाई."

मला वाटलं, ही निळी वाटी उचलावी, थेट कॉलेजात न्यावी आणि सगळ्या स्टाफसमोर सरांच्या टेबलावर आपटावी. बघा म्हणावं, माझी लेक आहे.

त्या टेबलावर आता नवे सर बसतात. त्यांच्या खिशाला पेन असतं.