पाहुण्याने गाळलेली वाट

गझदानला येणारा माणूस उन्हाने अर्धा शिजतो आणि दिलमुराद नाखव्याच्या प्रश्नांनी पुरता, असं महातून म्हणायची. महातून ही नाखव्याची सून, तोंडाची फटकळ. पण त्यात खोटं काय होतं? वाळू, खारं पाणी आणि टँकरची वाट बघणारी पिंपं, एवढ्याच भांडवलावर उभं असलेलं ते बलुची गाव. तिथे पाहुणा आला की आधी पाणी, मग चहा, आणि मग त्याने हालहवाल द्यायचा. घरून निघाल्यापासून वाटेत काय पाहिलं, काय घडलं, ते सगळं क्रमाने सांगायचं. रीत सगळ्याच बलुचांची, पण इतरांकडे ती चहाच्या पेल्याबरोबर संपते. नाखव्याकडे संपत नसे. गुडघे गेल्यापासून तो समुद्रावर जात नव्हता. आता जग त्याच्याकडे यायचं ते पाहुण्याच्या तोंडूनच.

त्या दिवशी मात्र घरात कुणाचं कशात लक्ष नव्हतं. नाखव्याचा मुलगा सबझल दोघांना सोबत घेऊन मासेमारीला गेला होता. एव्हाना यायला हवा होता, आला नव्हता. जाताना 'पूर्वेला जातो' म्हणाला होता, म्हणून गावच्या होड्या पूर्वेचा किनारा पिंजून काढत होत्या आणि रिकाम्या परतत होत्या. होडीवरचं गोडं पाणी संपलं असणार, हे सगळे जाणून होते.

दुपार कलताना मोटारसायकलवर पोती लादून एक पाहुणा दारात उभा राहिला. नाव बिजार, आतल्या बागायती मुलखातला. खजूर देऊन सुकी मासळी न्यायला आला होता. नाखव्याने त्याला चटईवर बसवलं, पाणी दिलं, चहा दिला आणि म्हणाला, "हं पाहुणे, द्या हालहवाल."

आत महातूनने भांडं आपटलं. "अब्बा, घरात काय चाललंय आणि तुम्हाला गप्पा सुचतायत? जेवू द्या त्यांना आणि जाऊ द्या."

"पाहुणा मुका जेवून गेला तर घराची अब्रू जाईल, पोरी."

खरं तर नाखव्यालाही काही ऐकायचं नव्हतं. पण नुसतं बसून पाण्याकडे बघणं त्याहून अवघड होतं.

"सगळं खुशाल आहे," बिजारने रीतीप्रमाणे सुरुवात केली. मग पाणी आटलेला ओढा आला, पंक्चर आलं, आत्याकडचा मुक्काम आला, आत्याच्या शेळीला झालेली जुळी आली. "आणि तिथून पहाटेच्या नमाजानंतर निघालो, तो थेट तुमच्या दारात."

"थेट?" नाखवा म्हणाला. "तुमच्या आत्याच्या गावाहून पहाटे निघालेला उंट आत्ता पोचतो, पाहुणे. गाडीला दिवस गेलेत की काय?"

भिंतीला टेकून बसलेली चार माणसं बऱ्याच वेळाने हसली. बिजार लाल झाला. "वाटेत जरा थांबलो," एवढंच पुटपुटला. पाहुण्याने झाकलेलं उघडू नये हीसुद्धा रीतच, म्हणून नाखव्याने विषय सोडून दिला. आता हालहवाल द्यायची पाळी यजमानाची होती.

"सगळं खुशाल आहे," तो म्हणाला. "टँकर उद्या येईल म्हणतात. मुलगा समुद्रावर गेलाय, सोबत दोघं आहेत. यायला हवे होते, आले नाहीत. पूर्वेला शोध चाललाय. बाकी सगळं…"

बिजारने पेला खाली ठेवला.

"काका, मी हालहवाल खोटा दिला. मी वाट चुकलो होतो. आमच्याकडे वाट चुकलेल्याला बायकासुद्धा हसतात, म्हणून गाळलं. फाट्यावरून पश्चिमेला गेलो आणि काळ्या कड्यावर पोचलो. खाली वाळूत तीन माणसं लाल फडकं हलवत ओरडत होती. मला वाटलं, लुटारू आहेत. गाडी वळवली आणि पळालो."

"होडी होती?"

"खडकांत लाकडाचं काहीतरी अडकलं होतं. होडी कशी असते ते मला इथे येऊन कळलं, काका."

"पण सबझल तर पूर्वेला…" कुणीतरी म्हणालं.

नाखव्याने कपाळावर हात मारला. "मासा लागायची जागा कुणी खरी सांगतं का रे? पूर्वेला जायचं असलं तर पश्चिम सांगावी, पश्चिमेला जायचं असलं तर पूर्व, हे मीच शिकवलंय त्याला. आणि मीच विसरलो! उठा, होड्या काढा!"

कड्याखालून वर यायला वाट नाही हे साऱ्या गावाला माहीत होतं. होड्या सुटल्या. महातून ओल्या वाळूत जी उभी राहिली ती हललीच नाही. तिच्यापासून दूर बिजार खाली मान घालून बसला होता. आपल्या पाठ फिरवण्याने तीन माणसं मेली असतील, हेच त्याच्या डोक्यात फिरत होतं.

ऊन उतरल्यावर होड्या परतल्या. नाखवा त्या गुडघ्यांनिशी कमरेइतक्या पाण्यात शिरला. तिघंही जिवंत होते. ओठ फुटलेले, डोळे आत गेलेले, पण जिवंत. सबझलला दोघांनी धरून उतरवलं, महातूनने त्याच्या तोंडाला पाणी लावलं. एवढ्यात त्याची नजर बिजारवर गेली.

"अब्बा, हाच तो! आम्हाला बघून पळाला. ह्याच्या सात पिढ्यांना शिव्या घातल्या आम्ही."

"मग एकेक करून परत घे," नाखवा म्हणाला. "हा गप्प बसला असता तर कुणाला काय कळणार होतं? मासळी घेऊन उद्या निघून गेला असता. चारचौघांत स्वतःची फजिती सांगितली त्याने, म्हणून तू मला दिसतोयस."

त्याने बिजारचे दोन्ही हात धरून आपल्या डोळ्यांना लावले. त्याला रडू आवरत नव्हतं आणि तो ते आवरतही नव्हता.

"पाहुणे, जन्मभर लोकांचे हालहवाल ऐकले मी. एवढं दान कुणी पदरात टाकलं नाही."

बिजारने सबझलचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि सगळे घराकडे चालू लागले.