जखम दाखवा!

कचेरीत माणूस नुसता बसून राहिला तरी त्याच्याकडे किस्से साचत जातात. आम्ही जुने कारकून भेटलो की गाडी गडचिरोलीच्या तहसील कचेरीवरच येते. पन्नास सालानंतरचे ते दिवस. दरोड्यात मार खाल्लेल्यांना सरकारी मदत मिळायची आणि आमच्या तहसीलदारसाहेबांचा पहिला प्रश्न ठरलेला, "जखम दाखवा!"

मग काय, गावोगाव पट्ट्याच पट्ट्या! एक दुकानदार उजवा हात गळ्यात अडकवून आला. साहेब म्हणाले, "सोमवारी डावा होता ना?"

"दोन्ही दुखून राह्यले साहेब, पट्टी एकच हाये!"

*

डोलूचा हात मात्र खरंच मोडला होता. जंगलातल्या गावचा माणूस. दरोडेखोर पोलिसांसारखी खाकी घालून त्याच्या घरात शिरले होते. मदत सँक्शन झाली, तर हा म्हणतो, "माह्या हाताचं राहू द्या साहेब, बायकोले पाहा. सोमी तवापासून बोलत नाई, मोहफुलं वेचाले जात नाई. तिले नागपूरच्या दवाखान्यात न्याचं हाये."

डॉक्टरांनी सोमीला तपासलं. "अंगावर ओरखडाही नाही!"

"मग मदत कशाची लिहू?" साहेब म्हणाले.

सोमीला कचेरीनं काही दिलं नाही, हे आत्ताच सांगून टाकतो. आजही फार वाईट वाटतं.

*

डोलूबरोबर त्याच्या गावचा पाटील आला होता. त्याला हा न्याय काही पटेना. "आमचे पंच मारल्याचा दंड कोंबडा घेतात, भेव घातल्याचा बकरा!"

साहेबांना हसू आलं. "घाबरवण्याला जास्त? काऊन?"

"हात तं जुळते ना साहेब!"

*

पाटलाचं बोलणं साहेबांच्या डोक्यात राहिलं असावं. एकदा दौऱ्यावर असताना त्यांनी बैलगाडी डोलूच्या गावाकडे वळवली. बरोबर मी आणि बंदोबस्ताचा एक पोलीस, अर्थातच खाकीत.

आम्ही अंगणात उभे राहिलो. कोणी काही मागितलं नव्हतं. सोमीनं आतून पाण्याचा पितळी गुंड आणून साहेबांच्या पायाशी ठेवला. मग ताटल्या. मग गळ्यातली चांदीची सरी. मग तिथंच बसून तिनं लेकराच्या कमरेचा करदोडा सोडला आणि तोही त्या ढिगावर ठेवला.

"बाई, आम्ही काही न्यायला नाही आलो!" साहेब घाईघाईनं म्हणाले.

सोमीनं मान वर केली नाही. डोलू हळूच म्हणाला, "हातात घ्या साहेब. घेतल्याशिवाय उठत नाई ते. मी मागून परत आणतो."

साहेबांनी टोपी काढली, खाली बसले आणि करदोडा हातात घेतला.