पहिल्या पानावरची चूक

आमच्या वस्तीच्या साप्ताहिकाला पानं चार आणि माणूस एक. बातम्या गोळा करायच्या, लिहायच्या, छापखान्यात उभं राहून घड्या घालून घ्यायच्या आणि सायकलवरून दारोदार अंक टाकायचे, सगळं बाईच करतात. मालकही त्याच, त्यामुळे "वरून विचारून सांगते" म्हणून वेळ मारून न्यायची सोय नाही. कुठला नळ फुटला, कुणाची मांजर हरवली, वाचनालय कधी उघडणार, एकोणीस वर्षं हेच. लोक त्यांना छापीलबाई म्हणतात.

त्यांचा एक हट्ट आहे. चूक झाली की दुरुस्ती पहिल्याच पानावर, ठळक. आणि ती छापायच्या आधी त्या माणसाकडे स्वतः जाऊन वाचून दाखवायची. "आतल्या पानात बारीक अक्षरात माफी मागणं म्हणजे एखाद्याच्या पायावर पाय द्यायचा आणि भिंतीकडे बघून सॉरी म्हणायचं," असं त्यांचं म्हणणं.

मध्यंतरी एका गुरुवारी अंकात आलं, 'टेलरमास्तरांचं दुकान महिनाअखेर बंद.' बातमी दिली होती खुद्द मास्तरांच्या बायकोनं, वहिनींनी. घरचंच माणूस सांगतंय म्हटल्यावर मास्तरांना कशाला विचारायचं? बाई तिथेच फसल्या.

शुक्रवारी सकाळी त्या दुकानात हजर. मास्तर मशीनवर, वहिनी कोपऱ्यात शर्टाला बटणं लावत बसलेल्या.

"या! अजून काय काय बंद करायचंय माझं?" मास्तरांनी मान वर केली नाही. "कालपासून सहा जण कापड परत घेऊन गेले. एक तर म्हणाला, मास्तर, तब्येत जपा. मला काय धाड भरलीये?"

"चुकलं माझं. तुम्हाला विचारायला हवं होतं."

"सांगितलं कुणी?"

वहिनींची सुई थांबली.

"ते मी सांगत नसते, मास्तर."

"समोरच्या रेडीमेडवाल्यानं ना?"

"आख्खी गल्ली मोजलीत तरी सांगणार नाही. छापलं मी, चूक माझी. ऐका." बाईंनी चष्मा लावून कागद उलगडला. "'गेल्या अंकातली बातमी खरी नाही. मास्तरांना न विचारता ती छापली, हा संपादकांचा निष्काळजीपणा. दुकान...'"

"थांबा हो," वहिनी म्हणाल्या. "बाईंच्या माथी कशाला? मीच सांगितलं होतं."

मशीन थांबलं. "तू? अगं, पण का?"

"थकले मी. दुपारी तुम्ही आडवे झालात की तुमच्या शिवणी उसवायच्या आणि परत घालायच्या. वर्ष झालं. तुम्हाला टीप सरळ दिसत नाही आणि डॉक्टरकडे जा म्हटलं की तुम्ही कानात बोळे घालता. म्हटलं, पेपरात आलं की तरी थांबाल."

"सगळ्या शिवणी?"

"सगळ्या नाही. कटिंग तुमचं अजून झकास आहे."

"आणि तो बँकवाल्याचा कोट? तो म्हणाला होता, मास्तर, काय हात आहे तुमचा!"

"दोन्ही बाह्या माझ्या."

मास्तरांनी मशीनवरचं कापड उचलून डोळ्यांजवळ धरलं आणि टीप बोटानं चाचपली. बाईंनी कागद घडी करायला घेतला. "घरातलं मी छापत नाही, मास्तर. 'दुकान चालू आहे', एवढंच लिहिते."

"नको," मास्तर म्हणाले. "लोकांना वाटेल, मीच शिवतोय. तीही खोटीच बातमी की. लिहा, मापं आणि कटिंग मास्तरांचं. शिलाई..." त्यांनी वहिनींकडे बघितलं. "शिलाई हिची."

"मला विचारा तरी आधी, करणार का म्हणून!"

"करशील?"

"उघड असेल तर करीन. लपूनछपून एक टाकासुद्धा नाही. आणि दुपारची झोप मलाही पाहिजे."

बाईंनी पेन काढलं. "म्हणजे दोन ते चार बंद लिहू?"

"लिहा," दोघंही एकदम म्हणाले.

बाई पायरी उतरत होत्या, तेवढ्यात मागून वहिनींचा आवाज आला, "अहो, उठा आता तिथून. संध्याकाळी दोन पँटी द्यायच्यात."

"आणि मी काय करू?"

"डोळ्यांच्या डॉक्टरला फोन लावा. आजचीच वेळ घ्या."