डॉर्लाचा खडू आणि ऑर्विलची काळी पट्टी

ड्राय फोर्क गावात डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो, पाद्री पंधरवड्यातून एकदा. डॉर्ला पेनरोझ मात्र रोज सकाळी सातला आपल्या टायरच्या दुकानात हजर. वय त्रेसष्ट, कमरेला खडूची डबी, आणि तिचं मत मागावं लागत नाही, आपोआप मिळतं. अमेरिकेतल्या वायोमिंगच्या त्या कोपऱ्यात गाडीत समोर एखादा इशाऱ्याचा दिवा पेटला, की त्यावर काळी चिकटपट्टी लावायची हा सर्वमान्य इलाज. निम्म्या गावाच्या गाड्या अशा डोळ्यांवर पट्टी बांधून फिरतात. डॉर्लाचा हट्ट एकच : पट्टीवाली गाडी माझ्या दारातून बाहेर जाणार नाही.

त्या गुरुवारी तिचा शाळासोबती ऑर्विल स्टकी आला. पिकअपला त्यानं परगावाहून भलेथोरले टायर बसवून आणले होते. दुसऱ्या दिवशी नात जोली आणि तिची घोडी बिस्किट यांना ट्रेलरमधून घाटापलीकडे जिल्ह्याच्या जत्रेला न्यायचं होतं. तिथे पिंपांना वळसे घालत घोडी पळवायची शर्यत. पोरीनं त्यासाठी वर्षभर घाम गाळलेला.

"जरा हवा बघ, निघतो," ऑर्विल म्हणाला.

डॉर्लानं खिडकीतून डोकं आत घातलं. "ही पट्टी कसली रे?"

"अगं, दारावरच्या लेबलाप्रमाणे मागे ऐंशी पौंड हवा भरली तर गाडी लाह्यांसारखी उडते. पंचेचाळीसवर आणली तर कमी हवेचा दिवा पेटतो. मग झोपवला त्याला."

"लेबल जुन्या टायरांचं. तू नवे बूट घातलेस हे गाडीला कोण सांगणार? ती अजून ऐंशीच मागतेय. आणि हे पंचेचाळीस आले कुठून?"

"अंगठ्यानं दाबून पाहिलं."

"घोडीला काय तुझा अंगठा ओढणारे? ट्रेलर जोड, घोडी चढव आणि मग ये."

ऑर्विल कुरकुरत गेला आणि दुपारी लवाजम्यासह आला. डॉर्लानं आधी त्याला गव्हाच्या कोठारातल्या वजनकाट्यावर पिटाळलं. मागच्या चाकांवरचा भार कळल्यावर किती भाराला किती हवा हे सांगणारा टायर कंपनीचा तक्ता काढला, बोट फिरवलं आणि पासष्ट पौंड हवा भरली. मग टायरवर आडव्या खडूच्या रेघा ओढल्या. "पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन ये."

हवा जास्त असली तर रेघ फक्त मधोमध पुसते, कमी असली तर फक्त कडांना. ऑर्विल परतला तेव्हा ती सगळीकडे सारखी पुसली होती. डॉर्लानं स्टिअरिंगखाली तळहाताएवढं यंत्र जोडलं, गाडीच्या मेंदूतले मागच्या चाकांचे ऐंशीचे पासष्ट केले, पुढच्यांचंही तसंच जुळवलं आणि नखानं पट्टी खरवडून काढली. खाली दिवा गुमान विझलेला.

"आता पेटला तर तो खरं बोलतोय. थांबायचं. माझ्याशी भांडण नंतर."

शुक्रवारी दहाला फोन वाजला. "डॉर्ला, तुझं यंत्र फसलं! घाटाच्या पायथ्याशी आहे आणि दिवा लागला. पट्टी आहे माझ्याकडे, लावू का?"

"दिव्याला लावलीस तर परत आल्यावर तुझ्या तोंडाला लावीन. उतर. चाकं बघ."

फोनमधून गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला. मग जोलीचा आवाज : "डॉर्लामावशी, मागच्या उजव्या टायरात नालेचा खिळा आहे! काल बिस्किटला नाल ठोकली ना, तिथलाच."

"आजोबांना विचार, टायर चारच घेतले की स्टेपनी धरून पाच?"

"पाच म्हणतायत."

"म्हणजे थोडी अक्कल आहे. घोडी उतरवून सावलीत बांध, स्टेपनी चढवा, आणि घाटाला लागा."

रविवारी दोघं दुकानात आली. जोलीनं दुसऱ्या क्रमांकाची लाल फीत डॉर्लापुढे धरली : "ही तुझ्या भिंतीवर." डॉर्ला खिळा शोधू लागली.

"खिळा नको बाई," म्हणत ऑर्विलनं खिशातून काळ्या पट्टीचं रीळ काढलं, फीत भिंतीवर चिकटवली आणि वरून दाबली.

"घट्ट बसली का?" डॉर्लानं विचारलं.

"बसली. अंगठ्यानं दाबून पाहिलंय."