पाय न हलवण्याची पदवी

‘आमेन’ सगळ्यांनी एकदम म्हटले नाही, तर काडीमास्तर कुणाला घास उचलू देत नसत. भाकरी गार होवो, कालवणावर तवंग धरो, मास्तरांचे बोट आपले वर! “पुन्हा. एकेकट्याने म्हणायचे नाही. देवाला वाटेल, आपसांत भांडतायत.” नवापूरच्या बाहेर, डोंगराच्या अंगाला आमची मिशनची शाळा होती. मी मूळची खांडबाऱ्याची. या शाळेत मुलींना शिकवत असे. मास्तर मुलांना इंग्रजी शिकवत आणि मिशनच्या देवळातल्या गाणाऱ्यांना सांभाळत; त्यांत मीही गात असे. हातात कायम बांबूची तासलेली काडी, म्हणून काडीमास्तर.

बी.ए. तर ते होतेच. पण तेवढ्यावर भागेना. विलायतेतल्या एका कॉलेजाची संगीत-संचालनाची वरची पदवी त्यांना हवी होती. संचालन म्हणजे स्वतः गायचे नाही, वाजवायचे नाही. गाणाऱ्यांसमोर उभे राहून काडी हलवायची आणि सगळ्यांचे गळे एका वेळी सोडायचे, एका वेळी थांबवायचे. अभ्यास टपालाने येई. हे ऐकून गावातले रहीमचाचा सुतार रंधा खाली ठेवून म्हणाले, “हात हालावानी बी परीक्षा ऱ्हास का, मास्तर? मंग आमना बाजारना दलाल तं कव्हयच पास व्हई जातीन!”

मास्तर हसले नाहीत. त्यांच्या लेखी हा जन्ममरणाचा मामला होता. घर शाकारायचे? पदवीनंतर. लग्न? पदवीनंतर. मुलींच्या आयांनी वाट पाहून नाद सोडला, त्यातली एक मुलगी दोन लेकरांची आईसुद्धा झाली, तरी यांचे आपले ‘पदवीनंतर’. बरे, माणूस दिसायला वाईट नव्हता हो.

त्यांच्या धड्यांत एक नियम होता आणि तो ते आम्हाला उठता-बसता ऐकवत. “संचालकाने हातांनी बोलायचे. पाय हलला तो संचालक नव्हे, नाच्या. परीक्षेत पाय हलला की संपले.” आता गंमत बघा. हे वाक्य बोलतानाही मास्तरांची उजवी टाच जमिनीवर ठेका धरून असे. त्यांचे त्यांना ठाऊक नव्हते. कुणी सांगितलेही नाही, कारण यात सांगण्यासारखे काही आहे असे कुणाला वाटलेच नाही. तुम्ही श्वास घेता हो, असे कोण कुणाला सांगते?

गाणारी माणसे डोंगरातली. दिवसभर शेतात नाहीतर जंगलात मजुरी, संध्याकाळी तालीम. होळीला या डोंगरात माणसे एकमेकांच्या कमरेला हात घालून रांग धरतात. रांगेतल्या पुढच्याचा पाय पडला की मगच गाण्याचा बोल सुटतो. मिशनने त्यांना नाच सोडायला लावला होता, पण नजरेची सवय कशी सोडवणार? आमचा खर्जातला गाणारा रेवजी, लाकडे तोडणारा, अंगाने दांडगा. तो तालमीत कधी मान वर करत नसे. मास्तर खूश. म्हणत, “रेवजी बघा. काय नम्रता!”

परीक्षा घ्यायला साहेब सुरतेला येणार असे ठरले. उमेदवाराने स्वतः तयार केलेले गायक आणायचे होते. मास्तरांनी उभे राहण्यासाठी रहीमचाचांकडून एक उंच पेटी करून घेतली. चाचांनी पूर्वी कचेरीत आरोपीचा कठडा केलेला. तोच घाट हाताला बसलेला. पेटीला समोरून कमरेइतक्या सागवानी फळ्या! “आते पडानी भीती नही,” चाचा म्हणाले. पॉलिश ओले होते, म्हणून तालमीत कुणी तिच्यावर चढले नाही. तशीच गोणपाटात गुंडाळून आम्ही ती गाडीत घातली.

सुरतेच्या त्या दिवाणखान्यात मास्तर पेटीत उभे राहिले, तेव्हा खरोखरच आरोपी दिसत होते. काडी वर गेली. काडी खाली आली. चिटपाखरूही गायले नाही. मास्तरांनी डोळे वटारले, पुन्हा काडी मारली. सगळा ताफा आज्ञाधारकपणे समोरच्या फळ्यांकडे बघत उभा. शेवटी रेवजी काळजीच्या सुरात म्हणाला, “मास्तर, तुमना पाय कोठे शे?”

साहेबाने विचारले, हा काय म्हणतो? मास्तरांनी भाषांतर करून सांगितले, आणि सांगता सांगताच त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी खाली स्वतःच्या टाचेकडे पाहिले. सगळे आयुष्य ज्या काडीवर टांगले होते, ती काडी आजवर कुणी पाहिलीच नव्हती!

नियम त्यांना पाठ होता. पेटीत राहिले असते तर निदान गायकांवर खापर फोडता आले असते. पण समोर माणसे उभी होती. कापणीचे दिवस सोडून आलेली, धुतलेले कपडे घातलेली, भेदरलेली. मास्तर पेटीतून उतरले. बूट काढले. काडी खिशात घातली आणि टाच उचलली.

काय गायलो आम्ही! तसे पुन्हा कधी जमले नाही. साहेबाने डोळे पुसले, मास्तरांना बाजूला घेतले आणि अतिशय सभ्यपणे सांगितले, “गाणारे उत्तम. संचालन मात्र मला कुठे दिसले नाही. पुढच्या वर्षी मुंबईला या, तयार गायक देतो.”

परतताना गाडीत रेवजी आणि मंडळी आनंदात. साहेब रडला म्हणजे मास्तर पास, हा त्यांचा हिशेब. मास्तरांनी तो मोडला नाही. उलट सगळ्यांना चणे वाटले.

पुढचे वर्षभर तालमींना सुट्टी देऊन त्यांनी पायाला वळण लावले. उघड्या टाचेखाली कोंबडीचे अंडे ठेवून काडीचा सराव करत. शाळेचे मांजर तेवढ्यात गलेलठ्ठ झाले. मग हळूहळू अंडी फुटेनाशी झाली, मांजर वाळले, आणि मास्तर मुंबईला जाऊन पहिल्या वर्गात पास होऊन आले.

त्या रविवारी आम्ही फुले लावून देऊळ सजवले होते. मास्तर समोर उभे राहिले, जमिनीवर, कठडा नाही की काही नाही. काडी अशी सुरेख उठली की मला, बाईमाणसाला, शिटी वाजवावीशी वाटली. पण पाय खुंटासारखे रोवलेले. आम्ही सुरू झालोच नाही. मास्तरांना कळले. त्यांनी मुद्दाम टाच आपटून पाहिली. ती शाळेच्या कवायतीसारखी पडली, उशिरा आणि कोरडी. रेवजीने हताशपणे माझ्याकडे पाहिले. माझा तर जीव तुटला.

मास्तरांनी काडी टेबलावर ठेवली, दुसऱ्या रांगेत रेवजीच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, “रेवजी, तू कर.”

त्या दिवसापासून पुढे रेवजीची टाच आणि तिच्याकडे मान खाली घालून बघत गाणारे मास्तर! सगळ्या खानदेशात ती पदवी बहुधा त्यांना एकट्यालाच असेल. शिवाय गाताना ते घाई करत, रेवजी सगळ्यांदेखत दटावी, “मास्तर, पुढे पयू नका!” आणि ते मुकाट मागे येत. कुणी पाहुण्याने पदवीचे विचारले तर म्हणत, “आहे ना. घरी आहे.” मला त्यांचा रागही यायचा आणि मायाही यायची. पदवी घेऊन मुंबईला तयार गायकांसमोर उभे राहायचे सोडून हा माणूस इथे दटावून घेत उभा!

हिवतापाने ते गेले. घर अजून शाकारलेले नव्हते. मातीला सगळा ताफा आला, रांग धरली, रेवजीच्या शेजारी एक जागा मोकळी ठेवली. पाद्रीसाहेबांनी खूण केली, गाणे सुरू करा. आम्ही सगळे खाली बघत थांबलो. रेवजीचा पाय काही केल्या उचलेना.