प्रल्हादसरांची घरगाडी

प्रल्हादसरांच्या हातात काहीही दिलं, की ते आधी हलकेच वरखाली करून बघत. लग्नातला आहेर असो, बाजारातला कोबी असो, नाहीतर शाळेतला खडूचा खोका. मान जराशी तिरकी करायची आणि वजन सांगून मोकळं व्हायचं. माझ्या नातीच्या बारशाला सगळ्या बायका बाळाचं नाक कुणावर गेलंय याचा वाद घालत होत्या. सरांनी बाळ हातात घेतलं, दोनदा झुलवलं आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, "सव्वातीन भरते." माझी सून कितीतरी दिवस त्यांच्याशी धड बोलली नाही.

मेहकरला आमची घरं भिंतीला भिंत लागून. शाळाही एकच, ते विज्ञान शिकवायचे, मी मराठी. वर्गात पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलणारा हा माणूस घंटा वाजली की पुन्हा वऱ्हाडी व्हायचा. सगळे त्यांच्या वजनाच्या वेडाला हसत. मीही हसे. पण त्या वेडाच्या तळाशी काय होतं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. तरुणपणी त्यांच्या डोळ्यांदेखत लग्नाच्या वऱ्हाडाची ट्रॉली नाल्यात उलटली होती. "ट्रॉली चांगली होती, बाई. ड्रायव्हर दारू पेलेला नव्हता. फक्त माणसं जास्त होते. चढताना परतेक जन म्हने, मी एकटा चढलो तर काय होते?" एवढं सांगून ते उठून निघून गेले. चहासुद्धा तसाच राहिला.

निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी शाळेची मिनीबस घेतली आणि तिचं घर केलं. बाकं काढली, लोखंडी पलंग बसवले, कडाप्प्याचा ओटा, गॅस, पाण्याची टाकी, बॅटऱ्या, वर पंखा. पिवळ्या रंगावर पांढरा रंग मारला, तरी उन्हात आतला पिवळा दिसायचाच. आम्ही तिला घरगाडी म्हणायचो. गाडी तयार झाल्याबरोबर सर तिला घेऊन जिनिंगजवळच्या धरमकाट्यावर, म्हणजे ट्रक तोलायच्या काट्यावर गेले आणि परतले ते तोंड पाडूनच. "घर बांधता बांधताच अर्धं वजन खाल्लं," म्हणाले. आरसी बुकावर गाडीचं जास्तीत जास्त जे वजन लिहिलेलं असतं, त्यातून काट्यावरचं रिकाम्या गाडीचं वजन वजा करायचं. उरेल तेवढंच आपलं. त्यातच आपण, त्यातच पाणी, त्यातच कपडेलत्ते आणि पीठमीठ. हा हिशोब त्यांनी आम्हाला इतक्या वेळा ऐकवला, की मला तो झोपेतही म्हणून दाखवता आला असता.

पहिल्या सहलीच्या आधी त्यांनी अंगणात वजनाचं यंत्र मांडलं आणि कुसुमवहिनींना त्यावर उभं राहायला सांगितलं. चार घरच्या बायका गच्चीवर वाळवणं घालत होत्या. वहिनींनी पदर खोचला. "लगनात नाई मोजलं, आता मोजता काय मले?" सर अजिबात ओशाळले नाहीत. "गाडीले नातं समजत नाई, कुसुम. तिले फक्त किलो समजते." हे वाक्य त्यांच्या तोंडी कायमचं होतं. वहिनींचा खलबत्ता याच वाक्यानं खाली उतरला, लोणच्याची बरणी अर्धी झाली, आणि माझी पुस्तकांची पिशवी त्यांनी हातात तोलून मला परत दिली. "एकच घ्या बाई, पन चांगलं घ्या."

त्या वेळी आम्ही लोणारला गेलो होतो. सोबत आमच्या शाळेतले एक जुने सहकारी होते. ते गोणीभर टरबूज घेऊन हजर. सरांनी गाडी सुरू करायला साफ नकार दिला. तो गृहस्थही हट्टी. त्यानं तिथंच रस्त्याच्या कडेला चाकू काढला आणि आम्ही सगळ्यांनी पोट फुटेस्तोवर टरबूज खाल्लं. "घ्या, झाली गाडी हलकी!" म्हणत त्यानं हात पुसले. सर शांतपणे म्हणाले, "फक्त सालटं कमी झाले. बाकी सारं गाडीतच बसून राह्यलं." हसून हसून वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. तो दिवस चांगला होता. प्रल्हादसर म्हटलं की मला तो दिवस आठवावा असं फार वाटतं. आठवतो मात्र दुसराच.

सरांना जगात एकाच माणसापुढं बोलता येत नसे, ते म्हणजे त्यांची मोठी बहीण. आई लहानपणीच गेली, तेव्हा आक्कानं त्यांना वाढवलं. स्वतःचं लग्न लांबवलं, यांचे डबे भरले, यांना शिकवलं. चिखलीच्या अलीकडच्या एका खेड्यात ती एकटी राहायची. नवरा गेल्यापासून ती कुठं गेलीच नव्हती. तिला एकदा नर्मदा बघायची होती आणि सरांनी तिला शब्द दिला होता. मेहकरहून निघायचं, आक्काला घ्यायचं, बुलडाण्याहून राजूर घाट उतरून धामणगाव बढ्याला तिच्या लेकीकडं मुक्काम करायचा आणि पुढं नर्मदा. सर, वहिनी, आक्का आणि मी, चौघंच. त्या दिवशी निघताना टाकीत पाणीसुद्धा भरलं नाही. "पानी घाट उतरल्यावर भरू," सर म्हणाले.

आक्काच्या दारात गाडी थांबली, तर ओसरी भरलेली होती. नव्या गव्हाची पोती. तुरीची डाळ. ज्वारी. पत्र्याची नवीकोरी कोठी, तीही काठोकाठ भरलेली. वर पाटा-वरवंटा. लेक बाळंत होऊन सासरी गेलेली, आणि आई पहिल्यांदाच तिच्या दारी चाललेली. आमच्याकडं लेकीच्या घरी रिकाम्या हातानं जात नाहीत. पण हे रिकाम्या हाताचं राहिलं नव्हतं, अख्खा हंगाम निघाला होता! शेजारच्या गड्यांनी बघता बघता सगळं मागच्या दारातून आत चढवलं. सर नुसते उभे. कोठी चढताना गाडीचा मागचा भाग खाली बसला, तो आम्ही सगळ्यांनी पाहिला.

"सर, अहो, हे सगळं मागच्या चाकांच्याही मागं आलंय," मी हळूच म्हटलं.

"दिसते मले, बाई."

"मग सांगा ना त्यांना."

"मले नाई होत." एवढंच बोलून ते पाणी प्यायला आत गेले.

मग मीच सांगितलं. शिक्षिकेची जीभ, गप्प कुठली बसते! म्हटलं, "आक्का, गाडीत वजन फार होतंय. दोन पोती राहू द्या, नंतर पाठवता येतील." आक्का माझ्याकडं बघतच राहिली. तिला राग आला नव्हता, खरोखर नवल वाटलं होतं. "वजन? गहू हायेत ते बाई! खायाच्या जिनसीले कोनी ओझं म्हनते काय?" आणि मग ओसरीच्या पायरीवर बसली. "प्रल्हाद, जड होत असन तर मलेच राहू दे. माह्या लेकीच्या घरी मी काय पिशवी हालवत जाऊ?" सर बाहेर आले, तिचा हात धरून तिला उठवलं, गाडीत पुढच्या सीटवर बसवलं. "काई नाई होत, आक्का. चाल."

काई नाई होत! हे तीन शब्द प्रल्हादसरांच्या तोंडून मी आयुष्यात कधी ऐकले नव्हते. असं म्हणणाऱ्या माणसाला ते गाडीत घेत नसत. वहिनी माझ्याशेजारी बसल्या होत्या. त्यांनी माझं मनगट धरलं.

बुलडाण्याच्या अलीकडं रस्त्यालगत धरमकाटा होता. सरांनी गाडी आत घेतली. उतरून काट्याच्या खिडकीशी गेले, आकडा पाहिला, पावती घेतली नाही, परत येऊन बसले. वहिनींनी विचारलं, "किती निघालं?" "निघालं ते निघालं." त्यानंतर त्यांनी आरशाकडं बघणं सोडलं नाही. ऊन रणरणत होतं. मागच्या ओझ्यानं पुढची चाकं हलकी झालीत आणि स्टेअरिंग जरा उशिरानं ऐकतंय, हे मला गाडी चालवता येत नसूनही कळत होतं. साध्या उतारावरसुद्धा ते खूप आधीपासून ब्रेक दाबायला लागले होते. आक्का मात्र खुशीत होती. लेकीला नदीचं पाणी कशात आणायचं, नातवाचे डोळे कसे आहेत, असं तिचं चाललं होतं. बोलता बोलता ती मधेच थांबली. "प्रल्हाद, काई जळून राह्यलं काय?"

घाटाच्या तोंडाशी सरांनी गाडी बाजूला घेतली. उतरून मागच्या चाकाजवळ हात नेला आणि झटकन मागं घेतला. बराच वेळ तिथंच उभे राहिले. मला वाटलं, आता ते पोती उतरवतील. देवा, उतरवतील एकदाची! ते परत आले आणि आमच्याकडं न बघता म्हणाले, "तुम्ही तिघी उतरा. एस्टी येईन आता, तिनं खाली या. मी घाटाखाली मोताळ्याच्या स्टँडवर थांबतो."

"काऊन बे?" आक्का म्हणाली.

"तुम्ही उतरल्या का गाडी हलकी होईन."

आक्काला तेव्हा कुठं समजलं. तिचा चेहरा उतरला. "मंग पोते उतरव ना, बापा. राहू दे लेकीचं. इथं ठेव कोनाजवळ."

सर हसले. अगदी लाडानं हसले, आणि त्या हसण्याचा मला आजही संताप येतो. "तुहे गहू रस्त्यावर ठेवू काय, आक्का? वर्षभर राबली तू. ब्रेक थोडे थंडे होऊ देतो, मंग पयल्या गिअरमधी हळूहळू उतरवतो. आपल्याच गाडीत हाये, आपल्याच हातात हाये." मी भांडले. म्हटलं, दोन खेपा करा, टेम्पो बोलवा, इथंच बसून राहा, पण असे जाऊ नका. वहिनींनी तर किल्लीवर हात ठेवला. सरांनी तो हळूच बाजूला केला. "कुसुम, मले समजते गाडीतलं." समजत होतंच! त्यांच्याइतकं आमच्यापैकी कुणालाही समजत नव्हतं. आपण काय करतोय, त्यातलं काय काय चुकतंय, ते सगळं त्यांना नीट माहीत होतं. फक्त बहिणीचा गहू रस्त्यावर उतरवायचा आणि तो तिच्या डोळ्यांसमोर उतरवायचा, एवढी एक गोष्ट त्यांच्याच्यानं होण्यासारखी नव्हती.

बराच वेळ थांबून, पाणी पिऊन ते निघाले. पहिल्या वळणापर्यंत गाडी दिसली. फार हळू चालली होती. वहिनी म्हणाल्या, "नीट चालले." मग झाडांनी गाडी झाकली.

एस्टी लवकर आली नाही. आम्ही सावलीला उभ्या होतो. खालून वर येणारं वाहन दिसलं की तिघी त्या ड्रायव्हरच्या तोंडाकडं बघायचो. एक मोटारसायकलवाला आमच्याकडं बघून थांबतोय असं वाटलं, पण तो तसाच पुढं गेला. शेवटी एस्टी आली. आक्काला खिडकीशी जागा मिळाली. काही वळणं उतरल्यावर ड्रायव्हरनं बस अगदी हळू केली. पुढं गर्दी होती. रस्त्याच्या कडेचा कठडा तुटला होता आणि तिथपर्यंत डांबरावर गहू पसरला होता. एस्टीची चाकं त्याच्यावरून गेली, तेव्हा त्याचा आवाज आला.

आक्का खिडकीतून वाकून बघत होती. हळहळून म्हणाली, "अरारा, कोनाचे तरी गहू सांडले वं."

वहिनी उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी आक्काकडं बघितलं नाही. मीही नाही.

सर गेले. दरीतून वर आणलं तेव्हा थोडा जीव होता म्हणतात, पण आमच्यापर्यंत तो पोचला नाही. लोक मला म्हणतात, बाई, मोठं मन त्यांचं, तिघींना वाचवलं. वाचवलं खरं. मी जिवंत आहे, म्हणून तर हे लिहिते आहे. पण माझा त्यांच्यावरचा राग गेलेला नाही आणि तो जावा असंही मला वाटत नाही. इतकं सगळं जाणणाऱ्या माणसानं जरा निष्ठुर व्हायला हवं होतं. आक्का चार दिवस रडली असती, एवढंच झालं असतं. वहिनी कुणाला दोष देत नाहीत. "त्याईनं आयुष्यभर साऱ्याईले नाई म्हटलं," त्या म्हणतात, "एकाच मानसाले म्हनता आलं नाई."

या उन्हाळ्यात मी आक्काला भेटायला गेले. ती खूप वाळली आहे. शेत आता बटईनं, अर्ध्या वाट्यावर दुसऱ्याला कसायला दिलंय. आम्ही बोललो ते इकडचं तिकडचंच. सरांचं नाव तिनंही काढलं नाही आणि मीही नाही. ओसरीत धान्याची पोती लावलेली होती. निघाले तेव्हा जुन्या सवयीनं मी क्षणभर थांबले, कारण त्या घरातून मूठभर डाळ तरी बांधून घेतल्याशिवाय कुणी कधी बाहेर पडलेलं नाही. आक्का दारापर्यंत आली. दोन्ही हात तिनं पदराखाली घट्ट धरून ठेवले होते.

"काई देत नाई तुमाले, बाई," ती म्हणाली. "तशाच जा."